ब्रेकचं काम केल्यापासून पेडल खाली जातंय, हवा काढून काढून मिस्त्री दमला

करवीर_०९

मंडळी नमस्कार. गाडी जुनी वॅगन आर आहे. पुढं डिस्क, मागं ड्रम, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. पुढच्या डाव्या चाकाचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जाम झाला होता. रंकाळ्याला एक चक्कर मारून आलं तरी त्या चाकाच्या रिमला हात लावायची सोय नव्हती. मिस्त्री म्हटला बदलायचेच तर जोडीनं बदला. म्हणून पुढचे दोन्ही कॅलिपर नवीन, पॅड नवीन, आणि चाकं उतरलीच आहेत तर मागच्या ड्रमला आतून घासणारे लायनरही नवीन टाकले. ब्रेक ऑइल सगळं नवीन.

तेव्हापासून ब्रेकची अवस्था अशी : पहिला पाय मारला की पेडल पार अर्ध्याच्या खाली जातं. लगेच दुसरा-तिसरा मारला की वर येतं आणि गाडी थांबते. अर्धा मिनिट सोडलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गळती कुठं दिसत नाही, ऑइलची टाकी काठोकाठ आहे तशी आहे. मिस्त्रीनं ब्रेकच्या लाइनमधली हवा काढून बघितली, मग परत काढली, लिटरभर ऑइल त्यातच गेलं. आता तो म्हणतोय मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) गेलाय, नवीन घाला. गाडी गॅरेजला नेली तेव्हा ब्रेक एकदम कडक होते, फक्त चाक जाम होत होतं. मग कॅलिपर बदलताना मास्टर सिलिंडर कसा गेला?

गणपतीला सासुरवाडीला कुडाळला जायचंय, गगनबावड्यावरून. म्हणून जरा घाई आहे.

मिरजकर_तिकटी

भावा, पयलं काम म्हणजे गाडी दारात लाव आणि किल्ली बायकोकडं दे. पंप मारल्यावर ब्रेक लागतोय म्हणून गावात कसंबसं चालतंय. करूळ घाट उतरताना समोर एसटी आली तर तीन पंप मारायला वेळ कोण देणार? सासुरवाडीला यंदा लाल डब्यानं जा. जावयाचा मान काय कमी होत नाही त्यानं.

बाकी तांत्रिक बाबतीत जाणकार बोलतील. मला फक्त हॉर्न कळतो.

गंगावेसची_मी

दादा, दोन गोष्टी विचारतो. पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन आत दाबतात. त्यानंतर गाडी चालू करायच्या आधी पेडल मारून पिस्टन परत पॅडला टेकवायला लागतो, ते केलंय का? नाही केलं तर पहिले काही पाय रिकामेच जातात. पण तुमचं दरवेळी खाली जातंय म्हणजे तेवढंच नसणार.

दुसरं, ब्रेक ऑइलचा डबा कुठला टाकला? प्रत डॉट ३ का डॉट ४? आणि सील फोडलेला जुना डबा तर नव्हता ना? आमच्या भावाच्या गाडीत एकानं गेल्या पावसाळ्यापासून उघडा पडलेला डबा ओतला होता. पेडल मऊ व्हायचं ते कारण नव्हतं, पण ते ऑइल सगळं काढून टाकायलाच लागलं.

करवीर_०९

ताई, पेडल मारून घेतलं होतं, मी समोर होतो. ऑइल डॉट ४, नवीन सीलबंद डबे.

घाटमाथा

मास्टर सिलिंडरच आहे हो. इतका विचार कशाला? जुन्या गाडीत हवा काढताना पेडल पार तळापर्यंत दाबतात. रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन तिथवर जात नाही, त्यामुळे त्या भागात गंज आणि कचरा बसलेला असतो. रबराचं सील त्यावरून घासलं की फाटतं. माझ्या ओळखीत हेच झालंय. कॅलिपर बदलले आणि त्याच दिवशी मास्टर गेला. तुमच्या मिस्त्रीचं बरोबर आहे.

लेथमास्तर

घाटमाथा साहेब, तुम्ही सांगताय ते घडतं, नाकारत नाही. जुन्या गाडीत हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा तो ह्याच कारणासाठी, म्हणजे पाय तळाला जात नाही. पण ह्या गाडीची लक्षणं तशी दिसत नाहीत.

करवीर, आधी पेडल काय सांगतंय ते नीट बघा, पाना मग हातात घ्या. इंजिन बंद ठेवा. दोन-तीन पंप मारून पेडल वर आणा आणि मग पाय तसाच दाबून धरा. मिनिटभर धरा. पायाखाली पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर दाब कुठंतरी निसटतोय. बाहेर गळतंय, किंवा मास्टरच्या आतल्या आत सीलवरून ऑइल मागं जातंय. सरकलं नाही, आहे तिथं राहिलं पण स्प्रिंगसारखं लवचिक लागलं तर लाइनमध्ये हवा. लवचिक अजिबात नाही, पण पहिला पाय लांब जातो आणि मग दगडासारखा कडक होतो, तर मागच्या ड्रमचे लायनर ड्रमपासून लांब आहेत, ॲडजस्ट करायला पाहिजेत.

पंप मारल्यावर वर येणं हे हवेतही होतं आणि ढिल्या लायनरमध्येही होतं. त्यामुळे नुसतं तेवढ्यावरून काही ठरत नाही. सरकतंय की नाही ते सांगा, मग पुढचं बोलू.

मिरजकर_तिकटी

मास्तर आले म्हणजे धागा मार्गी लागला.

करवीर_०९

आत्ताच बघून आलो. दाबून धरलं, अजिबात सरकत नाही. पण मऊ लागतंय, खाली जाऊन परत थोडं उसळल्यासारखं. मिनिटापेक्षा जास्तच धरलं असेल, पोटरीला गोळा आला.

लेथमास्तर

मग मास्टरचे पैसे आत्ताच काढू नका. सील फाटलं असतं तर सरकलं असतं.

अजून एक. तुमचं पेडल अर्ध्याच्या खाली जाऊन थांबतंय, पार जमिनीला टेकत नाही. मास्टर सिलिंडर दुहेरी असतो, आत दोन पिस्टन एकामागं एक. अशा पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत लाइन तिरकी वाटलेली असते. पुढचं डावं आणि मागचं उजवं एका पिस्टनवर, पुढचं उजवं आणि मागचं डावं दुसऱ्यावर. एक लाइन मऊ असली तरी दुसरी धरते, म्हणून पेडल मध्येच कुठंतरी थांबतं. माझा अंदाज, चारपैकी एकाच चाकात घोळ आहे.

शाहूपुरी_सहावी

सोपा उपाय सांगतो, फुकटातला. रात्री पेडल दाबून सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकवा, टाकीचं झाकण ढिलं ठेवा, सकाळपर्यंत बारीक हवा आपोआप वर येते. सकाळी पेडल कडक. मी करून बघितलंय.

लेथमास्तर

सकाळी कडक लागतं हे खरं, पण हवा टाकीत गेली म्हणून नव्हे. पेडल दाबलेलं असताना मास्टरचं सील टाकीकडं जाणाऱ्या भोकाच्या पुढं गेलेलं असतं. रस्ताच बंद आहे, हवा जाणार कुठनं? दाबाखाली बुडबुडे बारीक होऊन ऑइलमध्ये विरतात. काठी काढल्यावर त्यातले थोडे वर जातही असतील, पण बरेचसे दुपारपर्यंत परत जागेवर येतात. आणि रात्रभर ब्रेकचा दिवा चालू राहून बॅटरी बसते ती वेगळीच.

शाहूपुरी_सहावी

बॅटरी माझी बसली होती, हे मान्य. बाकी पेडल मात्र आठवडाभर चांगलं होतं, हेही सांगून ठेवतो.

घाटमाथा

हवाच असेल तर क्रम चुकला असेल. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, मास्टर उजवीकडं, म्हणजे सगळ्यात लांबचं चाक मागचं डावं. तिथून सुरू करून जवळ जवळ यायचं. मिस्त्रीनं पुढूनच सुरू केलं असेल.

लेथमास्तर

सर्वसाधारण क्रम तोच. तिरक्या लाइनच्या काही गाड्यांना कंपनी वेगळा क्रम देते, त्यामुळे त्या त्या गाडीचं मॅन्युअल बघावं. पण लिटरभर ऑइल सोडल्यावर क्रमानं एवढा फरक राहत नाही. हवा अशा जागी आहे जिथून ती निप्पलपर्यंत (हवा सोडायच्या तोंडापर्यंत) येतच नाहीये. ती जागा शोधायची तर होज दाबून बघायला लागेल.

चाकाजवळ रबरी होज असतो तो क्लॅम्पनं चिमटायचा. गुळगुळीत जबड्याचा होज क्लॅम्पच वापरा. दातऱ्याची पकड लावलीत तर होजला आतून चीर जाईल आणि एक नवीन दुखणं. होज जुना, तडकलेला असेल तर क्लॅम्प लावूच नका, आधी तो बदला. आता पुढचे दोन्ही आणि मागचे होज चिमटा आणि पेडल दाबा. सगळं बंद असताना पेडल वरच्या वर कडक लागलं तर मास्टर निर्दोष. तरीही खाली गेलं तर घाटमाथा साहेबांना मी चहा पाजतो. मग एकेक क्लॅम्प सोडत जायचं. जो सोडल्यावर पेडल बसलं, चोर त्या चाकात.

गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवूनच हे करा. नुसत्या जॅकवर ठेवून आत हात घालायचा नाही.

गंगावेसची_मी

मिस्त्री करू देईल का पण? काही मिस्त्र्यांना गिऱ्हाईकानं सांगितलेलं रुचत नाही.

करवीर_०९

आमचा मिस्त्री तसा नाही, ऐकून घेतो. उद्यमनगरात त्याच्या शेजारच्या गाळ्यात क्लॅम्प मिळाला. उद्या करतो.

करवीर_०९

केलं. सगळे होज चिमटल्यावर पेडल असं कडक की पायाला धक्का बसला. वरच थांबलं, मिस्त्री माझ्याकडं बघायला लागला. मागचे सोडले, पेडल थोडं खाली आलं पण ठीक. पुढचं उजवं सोडलं, काही फरक नाही. पुढचं डावं सोडलं आणि धपकन खाली.

म्हणजे डावीकडचा नवीन कॅलिपर. पण त्यातनं हवा काढताना नळीत बुडबुडा एकसुद्धा दिसत नाही. स्वच्छ ऑइल येतं. आज परत बघितलं.

घाटमाथा

चहा वाचला मास्तरांचा.

गंगावेसची_मी

दादा, डाव्या कॅलिपरचा फोटो टाका. चाक काढून, बाजूनं. आणि उजव्याचाही.

करवीर_०९

टाकलेत. पहिला डावा, दुसरा उजवा. अंधार आहे, बॅटरी मारून काढलेत.

गंगावेसची_मी

मास्तर, मला दिसतंय ते तुम्हाला दिसतंय का? उजव्याचा निप्पल वरच्या अंगाला आहे. डाव्याचा खाली, होज जिथं जोडलाय त्याच्याही खाली.

लेथमास्तर

दिसतंय. सापडलं.

करवीर, तुमच्या डाव्या चाकावर उजव्या बाजूचा कॅलिपर बसलाय. दुकानातनं दोन्ही उजवेच आलेत. बोल्टांची भोकं जुळतात, पॅड बसतात, चाक फिरतं, त्यामुळे बसवताना शंका यायचं कारण नाही. फक्त उजवीकडचा डावीकडं लावला की तो उलटा होतो, आणि वर असायचा निप्पल खाली येतो.

हवा ऑइलपेक्षा हलकी, ती पिस्टनच्या घरात वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते. तुम्ही खालचं तोंड उघडता, त्यातनं स्वच्छ ऑइल येतं, बुडबुडा दिसत नाही, माणसाला वाटतं हवा संपली. वरची हवा तशीच. लिटर काय, पाच लिटर सोडलंत तरी ती हलणार नाही. पेडल दाबलं की सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दांडा दाबल्यासारखं, आधी ती हवा दबते आणि मग उरलेला जोर पिस्टनला मिळतो.

मी शिरोलीत फौंड्रीच्या मशीन शॉपमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. काही कॅलिपरचं ओतकाम डाव्या-उजव्याला एकच असतं. निप्पलचं आणि होजचं भोक कुठल्या अंगाला पाडायचं एवढाच फरक, तो मशीनवर होतो. दोन नग शेजारी ठेवले तर पटकन ओळखू येत नाहीत. अंगावर एल किंवा आर असा ठसा असतो, पण खोक्यात घालणारा दरवेळी तो बघतोच असं नाही. नग हातात आल्यावर चाकाशेजारी धरून निप्पल वर येतोय का बघायचं. एवढंच.

मिरजकर_तिकटी

आयला! म्हणजे चार दिवस सगळे मास्टर मास्टर करत होते आणि खोक्यात दोन उजवे.

करवीर_०९

मास्तर, ताई, काय बोलू. मिस्त्रीला फोटो दाखवला, त्यानं कपाळावर हात मारला. खोकी अजून गॅरेजात होती. दोन्हीवर नंबर एकच, आणि डाव्या-उजव्याचं चिन्हही एकच. दुकानदार म्हणतोय डावा मागवून देतो, पण दोन दिवस लागतील. वापरलेला परत घेताना जरा कुरकुर केली, शेवटी घेतो म्हटला. तोवर हाच उलटा कॅलिपर वापरून हवा काढता येईल का?

लेथमास्तर

काढता येते. कॅलिपर चाकावरून सोडवायचा, होज लागलेलाच ठेवायचा, हातात फिरवून निप्पल वर करायचा. पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडाची फळी घालायची, नाहीतर पेडल मारल्यावर पिस्टन बाहेर येऊन पडेल आणि ऑइल सगळं अंगावर. मग नेहमीसारखी हवा काढायची. होजला पीळ पडू द्यायचा नाही, कॅलिपर होजवर लोंबकळत सोडायचा नाही.

पण मी असं सांगणार नाही की ह्यावर घाट उतरा. पुढच्या वेळी कुणीही हवा काढली की हाच घोळ परत, आणि तेव्हा आठवणार नाही. डावा येऊ द्या.

घाटमाथा

मास्टर बदलला असता तर पैसेही गेले असते आणि पेडल तसंच राहिलं असतं. मग म्हणाले असते बूस्टर बघा. असाच एकेक भाग बदलत माणूस नवी गाडी बांधतो. क्लॅम्पची ही पद्धत मला माहीत नव्हती, लक्षात ठेवली.

शाहूपुरी_सहावी

एक विचारतो. हवा काढताना बाटलीत आलेलं ऑइल परत टाकीत ओततात काही जण. नवीनच तर असतं, मग चालतं ना?

लेथमास्तर

नाही. त्यात बारीक फेस झालेला असतो, डोळ्याला दिसतही नाही, आणि लाइनमधला जुना कचरा मिसळलेला असतो. शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते सांगायला नको. डॉट ४ चा उकळबिंदू नवीन असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत येतो. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. गगनबावड्यावरून उतरताना एकसारखा ब्रेकवर पाय ठेवला तर कॅलिपर तेवढा तापू शकतो. पाणी घेतलेलं ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, आणि पेडल पुन्हा जमिनीला. तेव्हा निप्पल वर असला काय नि खाली असला काय. उतारावर दुसरा गिअर टाका आणि ब्रेक सोडून सोडून मारा.

डॉट ३ आणि ४ एका जातीचे, मिसळले तर बिघडत नाही, फक्त चांगल्याचा गुण कमी होतो. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते ह्यात घालायचं नाही. ५.१ वेगळं, ते ह्याच जातीचं. नावात घोटाळा आहे, डबा घेताना नीट वाचा. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उचलतो.

करवीर_०९

डावा कॅलिपर आला, बसवला, निप्पल वर आहे हे मी आणि मिस्त्रीनं दोघांनी बघितलं. हवा काढताना सुरुवातीला नळीत भसाभस बुडबुडे आले, मग बंद. पेडल आता मऊ नाही. पण पहिला पाय अजून थोडा लांब जातोय, दुसऱ्याला वर कडक. आधीपेक्षा खूप बरं, पण मूळचं होतं तसं नाही. परत हवा?

गंगावेसची_मी

मऊ नाही आणि दुसऱ्या पायाला कडक, म्हणजे आता मागचे लायनर. मास्तरांनी सुरुवातीलाच सांगितलंय. क्लॅम्प सोडताना मागचे सोडल्यावर पेडल थोडं खाली आलं होतं, ते ह्यामुळेच असणार. उभ्या गाडीत हँडब्रेक तीन-चार दाते ओढा आणि मग पेडल दाबा. पेडल वर आलं तर नक्की तेच. मी आमच्या गाडीला असंच तपासतो.

करवीर_०९

ताई, ओढून बघितलं. पेडल वर आलं! मूळच्यापेक्षाही कडक.

लेथमास्तर

ताईंनी माझं काम हलकं केलं. नवीन लायनर बसवल्यावर ते ड्रमच्या जवळ आणणारा ॲडजस्टर पार आत घेतलेला असतो, नाहीतर ड्रम चढत नाही. आपोआप ॲडजस्ट होणारा असला तरी तो हळूहळू येतो, कधी कधी गंजून अडकलेलाच असतो. ड्रम काढून ॲडजस्टर थोडा थोडा बाहेर आणा. ड्रम घालून हातानं फिरवल्यावर हलकी खरखर ऐकू आली पाहिजे, पण चाक अडकायला नको. दोन्ही बाजूंना सारखं. हँडब्रेकची केबल आधी ढिली करा आणि लायनर जमल्यावरच ताणा. केबल ताणून लायनर जवळ आणायचा आळस केला तर ॲडजस्टर पुढं कामच करत नाही.

मिरजकर_तिकटी

म्हणजे दोन दुखणी होती आणि एकानं दुसरं झाकलं होतं. डॉक्टरांच्या भाषेत काय म्हणतात ह्याला?

गंगावेसची_मी

बिल वाढणे.

करवीर_०९

मागचं काम झालं. एका बाजूचा ॲडजस्टर खरंच गंजून बसला होता, मिस्त्रीनं साफ करून ग्रीस लावलं. पेडल आता वरच्या वर लागतंय, पहिल्याच पायाला. काल सकाळी गर्दी नसताना पन्हाळ्याला जाऊन आलो. वर जाताना काहीच नाही, उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये आणि मध्ये मध्ये ब्रेक. खाली वाघबीळला थांबून चारही रिमजवळ हात नेऊन बघितला, डावं-उजवं सारखंच गरम. ऑइलची पातळी तशीच. कुडाळला जाण्याआधी ती परत एकदा बघणार आहे.

मिस्त्रीनं हवा काढायची मजुरी एकदाचीच घेतली. ऑइलचे पैसे मी दिले. दुकानदाराकडून चुकीच्या कॅलिपरचे पैसे वळते झाले.

कागलचा_पाहुणा

उशिरा वाचतोय. माझीही हीच भानगड आहे, फरक एवढाच की माझ्या गाडीला एबीएस आहे आणि निप्पल दोन्ही बाजूंना वरच आहेत, बघितले. मास्टर काढून धुतला होता, तेव्हापासून पेडल मऊ आहे. क्लॅम्प लावून तेच करू का?

लेथमास्तर

तुमचं वेगळं आहे. मास्टर काढून परत बसवला तेव्हा तो बाहेर व्हाइसमध्ये धरून, नळ्या परत टाकीत सोडून, आधी त्याच्यातली हवा काढली होती का? नसेल तर तिथून सुरू करा. तरी मऊ राहिलं तर एबीएसच्या ठोकळ्यात हवा अडकलेली असू शकते. काही गाड्यांत ती स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय निघत नाही, नुसत्या पायानं होत नाही. गाडी कुठली, साल कुठलं, हे लिहून नवीन धागा काढा. इथं लिहिलंत तर करवीरच्या गाडीत आणि तुमच्या गाडीत वाचणाऱ्यांचा घोळ होईल.

कागलचा_पाहुणा

व्हाइसमध्ये नव्हती काढली. आज रात्री नवीन धागा टाकतो, फोटोसकट.